काट्यांसकट मासा

सुखवादाच्या बाजूने आपल्याकडे झालेला सर्वांत नेमका युक्तिवाद माशाचा आहे. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिला. त्यात भारतीय दर्शने एकामागून एक मांडली आणि सुरुवात चार्वाकांपासून केली. स्वतः ते अद्वैती. पुढे खोडायचे मत पहिल्यांदा सांगून टाकावे, असा बेत असणार. पण चार्वाकांची बाजू मांडताना त्यांनी हात राखला नाही. सुखात दुःख मिसळलेले असते म्हणून सुखच सोडा, असे सांगणाऱ्यांना चार्वाक तिथे उत्तर देतात : ज्याला मासे हवेत तो खवल्या-काट्यांसकट मासे घेतो, हवे तेवढे खातो आणि उरलेले टाकतो. ज्याला तांदूळ हवा तो पेंढ्यासकट भात घरी आणतो. हरणे पीक खातील या भीतीने कोणी पेरणी थांबवत नाही आणि भिकारी दाराशी येतील म्हणून चुलीवर भांडे चढवायचे कोणी राहत नाही.

हा उतारा पाचूबंदरात वाचून दाखवला, तर ऐकणारे मान डोलावतील आणि विचारतील, यात नवीन काय? वसईच्या किल्ल्याला लागून, खाडी समुद्राला मिळते त्या टोकावर ही कोळ्यांची वस्ती. पाला हा आपल्या किनाऱ्यावरचा अतिशय काटेरी मासा आणि तितकाच चवदार. तो खाताना जेवणारा गप्प होतो, बोटांनी आणि जिभेने काटे वेचतो, पण ताट बाजूला सारत नाही. इथल्या पोराला काटा काढायला शिकवावे लागते. काट्याला घाबरून मासा सोडू नये, हे मात्र शिकवावे लागत नाही.

या प्रस्तावनेचा प्रश्न तिथूनच निघतो. जे सगळ्यांना आधीच पटलेले आहे, त्याला तत्त्वज्ञान म्हणायचे का? सुख शोधणे ही जगण्याची वेगळी, स्वतःची अशी विचारसरणी आहे, की ती जिवंत असण्याची नुसती खूण? मुंगी गुळाकडे जाते आणि मांजर उन्हात झोपते. त्यांना सुखवादी म्हणावे, असे कोणाला वाटत नाही.

सुखवादाची चर्चा बहुतेक वेळा बिघडते, कारण तीन वेगळ्या गोष्टी एकाच श्वासात बोलल्या जातात. माणसे सुख शोधतात, ही पहिली गोष्ट. ती खरी आहे आणि तिच्यावर वाद नाही. माणूस जे जे करतो ते सुखासाठीच करतो, आईने पोरासाठी उपाशी राहणे आणि हुतात्म्याने फासावर जाणेही शेवटी त्यांच्या समाधानासाठीच, हे दुसरे म्हणणे. ते ऐकायला चतुर वाटते, पण कोणताही पुरावा त्याला खोटे पाडू शकत नाही आणि म्हणूनच त्याने काही कळतही नाही. तिसरे म्हणणे असे : दुसऱ्या कशासाठी नव्हे, तर तिच्याचसाठी हवीशी वाटावी अशी एकच गोष्ट जगात आहे, ती म्हणजे सुख; धर्म, कीर्ती, ज्ञान, सद्गुण, मोक्ष यांना जी काही किंमत आहे ती त्यांनी सुख वाढते किंवा दुःख कमी होते म्हणून. हे म्हणणे धाडसी आहे. ते चुकीचे ठरू शकते आणि ते मानणाऱ्याला काही गोष्टी नाकाराव्या लागतात. सुखवाद हे तत्त्वज्ञान असेल, तर या तिसऱ्या अर्थाने. पहिल्या अर्थाने तो सगळ्यांचा आहे, म्हणजे कोणाचाच नाही.

माझ्या मते एखादे मत तत्त्वज्ञान आहे की नाही, याची कसोटी ते कशाला ‘नाही’ म्हणायला लावते ही आहे. मजा करणाऱ्याला कशालाच नाही म्हणावे लागत नाही. सुखवाद्याला म्हणावे लागते.

पाचूबंदराचे नाव मी मुद्दाम घेतले. कोळी समाजाबद्दल बाहेरच्यांच्या मनात एक ठाम चित्र असते : आज हातात पैसा आला की आजच उडवायचा, नाच, गाणे, दारू, सोने, उद्याचे उद्या. रेडिओ, कॅसेट आणि सिनेमाने कोळीगीताला जी लोकप्रियता दिली, तिच्यासोबत हे चित्रही घरोघर गेले. अशा नजरेला कोळीवाडा म्हणजे जणू चार्वाकांची शाखाच वाटते. हळदीच्या रात्री तिथे कोणी गेला, तर त्याचा समज पक्काच होईल. गल्लीभर मांडव, ब्रास बँड, म्हाताऱ्या बायकांपासून पोरांपर्यंत सगळे नाचत असतात आणि कोणाला घरी जायची घाई नसते.

पण तोच माणूस थंडीत दिवसा आला, तर त्याला किनाऱ्यावर वलांड्या दिसतील. बांबू उभे-आडवे बांधून दोऱ्या ताणलेल्या आणि त्यांवर बोंबील वाळत घातलेले. बोंबलाला टांगायला वेगळा आकडा लागत नाही. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. बायकांची बोटे हे इतक्या वेगाने करतात की पाहणाऱ्याला अडकवण्याची क्रिया दिसतच नाही, दोरी भरत गेलेली तेवढी दिसते. ओला बोंबील म्हणजे बव्हंशी पाणीच. ऊन आणि कोरडा वारा मिळाला, तर काही दिवसांत तो काडीसारखा होतो. मधेच अवकाळी पावसाची सर आली, की सगळी वलांडी वाया जाते. त्या मालाला खताचाच भाव मिळतो. नीट सुकलेला माल आगोटीला बाजारात जातो आणि घरातही भरून ठेवतात, कारण पुढे पावसाळा असतो, बोटी वर ओढलेल्या असतात आणि हातात रोकड नसते.

उद्याचा विचार न करणाऱ्या माणसांचे हे काम नाही. आजचा ओला, चवदार मासा न खाता तो चार महिन्यांनी खायचा असतो म्हणून वाळवणे, हे कुठल्याही नीतिशास्त्राच्या पुस्तकातल्या दूरदृष्टीच्या व्याख्येत बसते. ‘कामसूत्रा’त वात्स्यायनाने लोकायतिकांचे, म्हणजे चार्वाकपंथीयांचे, एक मत नोंदवले आहे : उद्याच्या मोरापेक्षा आजचे कबूतर बरे. पाचूबंदरात कबूतर आणि मोर दोघांचाही हिशोब असतो.

मग हळदीची रात्र कशासाठी? मला वाटते, ती त्याच हिशोबातली आहे. डोलीची मासेमारी ओढीवर चालते. समुद्रात खुंट ठोकून त्याला पिशवीसारखे जाळे बांधतात आणि भरती-ओहोटीचे पाणी जोराने वाहिले तर मासळी आत येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा दिवस-रात्र न पाहता काम. अष्टमीच्या सुमारास भांग असते, पाण्याला ओढ नसते, तेव्हा जाळी शिवायची, झोपायचे, लग्नाची बोलणी करायची. चंद्राने वेळापत्रक आखून दिलेल्या या आयुष्यात सुखालाही वेळ ठरवून दिलेली आहे, आणि वेळ आली की ते कंजूषपणे भोगायचे नाही, असा रिवाज आहे. त्यातले बरेचसे सुख एकट्याने भोगायचेही नसते. मांडव सगळ्या आळीचा असतो. ज्याच्या घरी आज हळद आहे, त्याने काल दुसऱ्याच्या मांडवात कांदे चिरलेले असतात.

त्याला सुखवाद म्हणावे का? मी म्हणणार नाही. बोटीच्या तांडेलाला विचारा, पहाटे तीनला बोट का काढतोस? तो ‘सुखासाठी’ असे उत्तर देणार नाही. तो म्हणेल, बोटीचे कर्ज आहे, पोरगी कॉलेजला आहे, खलाशांचा वाटा द्यायचा आहे. आणि फार खोदून विचारलेत तर म्हणेल, दुसरे काय करणार, आपला धंदाच हा. जाळे वर येताना जड लागले की त्याला जो आनंद होतो तो खरा आहे. पण आनंद होतो, कारण जाळ्यात मासा आहे. अठराव्या शतकात जोसेफ बटलर या इंग्रज धर्मोपदेशकाने हेच दाखवून दिले होते : भूक अन्नाची असते, सुखाची नसते, सुख ती भूक भागल्यावर येते. सगळ्या इच्छा मुळात सुखाच्याच असत्या, तर सुख मिळण्याचे साधनच उरले नसते. पुढे १८७४ मध्ये हेन्री सिजविक या स्वतः सुखवादी असलेल्या तत्त्वज्ञाने ‘द मेथड्स ऑफ एथिक्स’मध्ये कबूल केले की सुखाचा थेट पाठलाग करणाऱ्याच्या हाती ते कमी लागते, सुख हवे असेल तर नजर दुसऱ्या कशावर तरी असावी लागते. इतक्या प्रामाणिकपणे आपल्याच मताची अडचण लिहून ठेवणारा तत्त्वज्ञ विरळा. सिजविक वाचकाला अवघड जातो, पण सुखवादाचा विचार करणाऱ्याने त्याला टाळू नये.

१९७४ मध्ये रॉबर्ट नोझिक या अमेरिकी तत्त्वज्ञाने एक काल्पनिक यंत्र मांडले. त्यात स्वतःला जोडून घेतले की हवा तो अनुभव मिळतो, अगदी खराखुरा वाटणारा, आणि आपण यंत्रात आहोत हे आठवतही नाही. सुख हेच सगळे असेल, तर यंत्रात न बसण्याचे कारण काय? तांडेलाला हे यंत्र दिले, भरलेल्या जाळ्याचा आनंद रोज, वादळ नाही, डिझेल नाही, बर्फ नाही, तर तो बसेल का? मला वाटते, तो पहिल्यांदा विचारील, घरी मासा जाणार का? या एका प्रश्नात नोझिकचा सगळा आक्षेप आला. आपल्याला सुखाची जाणीव हवी असतेच, पण ती खऱ्या जगातल्या, खऱ्या माणसांच्या संदर्भात खरी असावी, असेही हवे असते. सुखवाद्यांनी यावर उत्तरे दिली आहेत. मला ती पुरी पडत नाहीत.

एक गोष्ट मात्र या वस्तीने मला दाखवली, जी ग्रंथांत सहसा सापडत नाही. सुख वस्तूत नसते, हे आपण ऐकून असतो. पाचूबंदरात ते पंचांगात आणि चर्चच्या दिनदर्शिकेत दिसते. इथे हिंदू कोळी आहेत आणि ख्रिस्ती कोळीही. महाराष्ट्रात अनेक घरांत श्रावणात मासळी वर्ज्य, म्हणजे मासा हा भोग आणि त्याचा त्याग हे व्रत. कॅथलिक परंपरेत उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासा चालतो; म्हणजे तिथे मासा हेच व्रताचे अन्न. तोच पापलेट एका घरच्या ताटात संयम मोडतो आणि दुसऱ्या घरच्या ताटात पाळतो. शिवाय श्रावणातलीच नारळी पौर्णिमा. गावातले लोक मासे खायचे थांबवतात त्याच महिन्यात कोळी दर्याला नारळ वाहून नव्या हंगामाला लागतात. कोणते सुख घ्यायचे, केव्हा, किती, कोणाबरोबर आणि कशासाठी सोडायचे, याची जी व्यवस्था प्रत्येक समाजाने लावलेली असते, ते त्याचे जीवनाचे तत्त्वज्ञान. त्यात सुखाला मानाची जागा असू शकते. पुरुषार्थांत काम आहेच, आणि ख्रिस्ती घरातल्या बायबलमध्ये ‘उपदेशक’ नावाचे पुस्तक आहे, ज्यात सगळे व्यर्थ म्हणणारा माणूसच पुन्हापुन्हा सांगतो की खावे, प्यावे आणि आपल्या कष्टांत आनंद मानावा. वात्स्यायनही सुखवादी नव्हे. तो धर्म, अर्थ आणि काम यांचा मेळ घालतो आणि लोकायतिकांचे मत खोडून काढतो. सुखाला घरात जागा देणे वेगळे आणि घर त्याच्या नावावर करून देणे वेगळे. सुखवाद दुसरे करतो. म्हणून तो वेगळा आहे.

आता खुद्द चार्वाकांकडे. कर्ज काढून तूप प्यावे, एवढे एकच वाक्य त्यांच्या नावावर मराठी माणसाला पाठ असते, आणि ते ऐकले की विषय संपतो. पण ‘सर्वदर्शनसंग्रहा’च्या त्याच पहिल्या प्रकरणात हा श्लोक दोनदा येतो आणि दोन्ही वेळा पाठ वेगळा आहे. सुरुवातीला आहे तो पाठ असा : जिवंत आहे तोवर सुखाने जगावे, मृत्यूच्या आवाक्याबाहेर कोणीच नाही. त्यात ना कर्ज आहे ना तूप. प्रकरणाच्या शेवटी कर्ज आणि तूप येते. रामकृष्ण भट्टाचार्य यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवले आहे की साधा पाठ जुन्या ग्रंथांतही आढळतो आणि तुपाची भर विरोधकांनी घातलेली दिसते. मला हा भेद फार महत्त्वाचा वाटतो. मरण सर्वांना आहे म्हणून आयुष्य सुखाने जगावे, हे एक गंभीर विधान आहे. कर्ज बुडवून चैन करावी, ही चेष्टा आहे. शतकानुशतके आपण चेष्टेवर टीका करत आलो. आणि कर्जाचेच म्हणाल, तर हंगामाच्या तोंडावर बोटीसाठी, जाळ्यासाठी, डिझेल-बर्फासाठी जे कर्ज कोळी घेतो, त्यातले तुपाला काही उरत नाही.

चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ हाती आले नाहीत. जे कळते ते बहुतांशी विरोधकांच्या लेखनातून. जयराशिभट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ १९४० मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून छापला गेला, तेव्हा लोकायताच्या कुळातला म्हणावा असा एक पुरा ग्रंथ पहिल्यांदा वाचता आला. तो उघडून चैनीचा उपदेश शोधणाऱ्याची निराशा होते. त्यात आहे ते ज्ञानाच्या प्रमाणांवर केलेले निर्दय, सूक्ष्म आक्रमण. तेव्हा चार्वाकांचा गाभा भोगात शोधू नये, तो नकारात शोधावा. परलोक नाही. देहाबाहेर आत्मा नाही. घटक एकत्र आंबले की मादकता येते, तशी चार भूतांपासून चेतना येते. मेलेल्याला पिंड पोचत नाही. म्हणून जे काही भले व्हायचे ते इथेच, याच देहात, याच लोकांत. या नकारांमधून सुख हे एकमेव प्रयोजन म्हणून उरते. ते हावेने निवडलेले नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात चार्वाक नावाचा एक राक्षस आहे, दुर्योधनाचा मित्र, भिक्षूचा वेष घेतलेला. युद्ध जिंकून युधिष्ठिर हस्तिनापुरात येतो, ब्राह्मण आशीर्वाद देत असतात आणि हा एकटा उभा राहून म्हणतो, आपल्याच नातेवाइकांना मारून मिळवलेल्या या राज्याचा धिक्कार असो. युधिष्ठिर खजील होतो. ब्राह्मण संतापतात आणि नुसत्या हुंकाराने त्याला जाळून टाकतात. या राक्षसाचा आणि त्या नावाच्या दर्शनाचा थेट संबंध सिद्ध झालेला नाही. पण परंपरेने हे नाव ज्याच्या तोंडी बसवले, त्याला विजयाच्या दिवशी प्रेतांची आठवण करून द्यायला लावले, हे मला विसरता येत नाही. आ. ह. साळुंखे यांनी आपल्या पुस्तकाला ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ असे नाव दिले, तेव्हा नास्तिकांच्या या म्होरक्याला त्यांनी अगदी उलट्या बाजूने पाहिले. सदाशिव आठवले यांचे ‘चार्वाक : इतिहास आणि तत्त्वज्ञान’ हे पुस्तकही मराठीत आहे. ही दोन्ही पुस्तके वाचल्यावर कोणी तुपाचा विनोद करील, असे मला वाटत नाही.

ग्रीसमध्येही असेच झाले. एपिक्युरसचे नाव आज युरोपात खवय्येगिरीशी जोडले जाते. त्याने इ.स.पू. ३०६ च्या सुमारास अथेन्सच्या बाहेर एक बाग घेतली आणि तिथे मित्रांबरोबर राहिला. त्या मित्रांत स्त्रिया होत्या, गुलामही होते. जेवण बहुधा भाकरी आणि पाणी. मेजवानी करावीशी वाटली की थोडे चीज पाठवायला मित्राला पत्र लिहायचा. त्याचे म्हणणे असे की सुखाची कमाल मर्यादा म्हणजे वेदना नसणे आणि मनाला घोर नसणे. त्यापुढे ताटात वाढणारे पदार्थ सुख वाढवत नाहीत, फक्त बदलतात. देवांचा धाक आणि मरणाची भीती गेली की निम्मे दुःख जाते. चार्वाक आणि एपिक्युरस, दोघांचीही पुढे ज्या बाबीवरून बदनामी झाली, ती त्यांच्या मताचा मुद्दा कधीच नव्हती.

मराठीत सुखवादाची खरी परीक्षा सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, आणि परीक्षा देणारे-घेणारे दोघे एकेकाळचे जिवलग मित्र होते. गोपाळ गणेश आगरकर मिल आणि स्पेन्सर वाचून तयार झाले होते. रूढी किती जुनी आहे हे त्यांना महत्त्वाचे नव्हते; ती माणसांच्या सुखात भर घालते की दुःखात, एवढेच ते विचारत. केशवपन, बालविवाह, विधवेचे जिणे : प्रत्येक ठिकाणी ‘सुधारका’तून त्यांनी हाच प्रश्न लावून धरला. आणि हा सुखाला कसोटी मानणारा माणूस स्वतः तुटपुंज्या पगारावर, दम्याने हैराण होऊन १८९५ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. त्यांच्या आयुष्यात चैनीला जागा कुठेच नव्हती. ज्या सुखाची ते बाजू घेत होते, ते बव्हंशी त्यांनी कधी न पाहिलेल्या मुलींचे होते.

टिळकांनी उत्तर मंडालेच्या तुरुंगात लिहिले. १९१५ मध्ये निघालेल्या ‘गीतारहस्या’त ‘आधिभौतिक सुखवाद’ हे एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याला लागून ‘सुखदुःखविवेक’. सुखवाद्यांना शिव्या देऊन मोकळे व्हायचा मोह टिळकांनी टाळला, हे आजही वाचताना आदर वाटायला लावते. त्यांनी पायऱ्या लावल्या. फक्त स्वतःचे सुख पाहणारा चार्वाक सर्वांत खाली. त्याच्या वर, स्वार्थासाठीच का होईना, दुसऱ्याचे भले करणारे हॉब्ज आणि हेल्व्हेशियस. त्याच्याही वर पुष्कळांचे पुष्कळ हित पाहणारे बेंथम आणि मिल. मग विचारले, पांडवांकडे सात अक्षौहिणी आणि कौरवांकडे अकरा. मग डोकी मोजून न्याय कौरवांचा म्हणायचा का? बेरजेने न्याय ठरत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते, हा त्यांचा मुद्दा. इथे टिळकांचे बरोबर आहे असे मला वाटते. मात्र चार्वाकाला त्यांनी दिलेली जागा मला मान्य नाही. त्यांनी तुपाचा पाठ खरा मानला.

आणि तरीही आगरकरांचा प्रश्न टिळकांच्या उत्तराने संपत नाही. मूल होण्याआधी विधवा झालेल्या, डोके भादरलेल्या मुलीला कर्त्याच्या शुद्ध बुद्धीचा काय उपयोग? तिचे दुःख कशासाठी, हे कोणीतरी सांगितले पाहिजे. सुखवादाचे मोठेपण मला इथे दिसते. तो दुःखाकडे परवाना मागतो. परंपरा, शिस्त, पुण्य, राष्ट्र, कोणाच्याही नावाने दुःख लादले गेले, तर सुखवादी विचारतो, याचे कारण दाखवा. दुसरी तत्त्वज्ञाने हा प्रश्न अधूनमधून विचारतात. हे तत्त्वज्ञान दुसरे काही विचारतच नाही.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी तो सर्वांत अडचणीच्या जागी विचारला. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली, आणि जुलै १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. लैंगिक सुख हे पाप नाही, ते पुरुषाइतकेच स्त्रीचेही आहे आणि त्यात दुसऱ्याला इजा होत नसेल तर समाजाला नाक खुपसायचा अधिकार नाही, हे त्यांनी सव्वीस वर्षे लिहिले. खटले झाले. १९३४ मधल्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरले, दंड झाला. पत्नी मालतीबाईंच्या मिळकतीवर संसार आणि मासिक दोन्ही ओढत नेले. सुखाच्या हक्कासाठी इतके सुख सोडणारा माणूस महाराष्ट्राने दुसरा पाहिला नसेल. सुख हेच प्रयोजन, पण माझेच असे नाही; सुखवाद इथवर पोचला की तो त्यागही मागतो आणि मिळवतो. कोळीवाड्यातल्या मांडवाबद्दल मी वर कौतुकाने लिहिले. कर्व्यांचा वाचक तिथे विचारील की दुसऱ्या दिवशी पहाटे टोपली डोक्यावर घेऊन बाजार कोणी गाठला आणि रात्रीच्या दारूचा मार कोणी खाल्ला. प्रश्न रास्त आहे. सुखाचा हिशोब करायचा तर घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याचा करावा लागतो.

राहिला काळाचा हिशोब, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. माशांच्या विणीला उसंत मिळावी हे तिचे एक कारण, खवळलेल्या समुद्रात जीव जाऊ नयेत हे दुसरे. २०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्यमासा ठरवले आणि त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडू नये आणि विकू नये. कारण बाजारात पिल्लांना गिऱ्हाईक आहे. बोटभर पापलेट कुरकुरीत तळून खायची हौस आहे, ते स्वस्तही पडते, आणि अंडी घालण्याआधीच मासा संपतो. माधवाचार्यांचा चार्वाक काट्यांसकट मासा घेत होता, पण पुढच्या वर्षी मासा असेल हे त्याने गृहीत धरले होते. शेतकरी हरणांना न भिता पेरतो, ते बियाणे राखून ठेवलेले असते म्हणून.

सिजविकने सुखवादाला एक नियम घातला होता : सुख आजचे आहे एवढ्याने ते उद्याच्याहून मोठे होत नाही, आणि माझे आहे एवढ्याने दुसऱ्याच्याहून मोठे होत नाही. हा नियम मान्य केला, तर अजून न जन्मलेल्या माणसाच्या ताटातला पापलेटही हिशोबात घ्यावा लागतो. ‘मी आज सुख घेतो’ एवढेच म्हणणाऱ्याला हा नियम झेपत नाही. जो सुखवाद तत्त्वज्ञान म्हणवून घेतो, त्याला तो टाळता येत नाही. पुढची पाने वाचताना वाचकाने प्रत्येक सुखवाद्याला हा एक प्रश्न जरूर विचारावा. एपिक्युरसकडे त्याचे अर्धे उत्तर आहे, कारण त्याची गरजच थोडी होती. मिलकडे आणखी थोडे. चार्वाकांकडे काय होते, हे सांगणारे त्यांचे ग्रंथ काळाच्या पोटात गेले. पाचूबंदरात मात्र या प्रश्नावर दर हंगामाला भांडण होते. जाळ्याच्या आसाचा, म्हणजे छिद्राचा, आकार किती असावा, बारीक आसाचे जाळे कोणी टाकले, ट्रॉलर आणि पर्ससीनवाल्यांनी ओरबाडलेल्या समुद्रात आम्हीच का थांबायचे, अशी ती भांडणे आहेत. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी याहून जिवंत चर्चा ऐकलेली नाही.